गुलबकावलीचे फूल कुणाचे?

गुलबकावलीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली नसते, ऐकलेली असते. दादी किंवा नानी ती दखनीत सांगायची आणि सांगता सांगता वाटेतले दोन-चार राक्षस आपल्या पदरचे घालायची. बादशहा झैनुल मुलूकची दृष्टी जाते. हकीम सांगतात, परीच्या बागेतले बकावलीचे फूल डोळ्यांना लावले तरच ती परत येईल. चार मोठे शहजादे फुलासाठी निघतात आणि वाटेत एका बाईच्या घरी जुगारात स्वतःलाच हरून बसतात. धाकटा ताजुल मुलूक, ज्याच्यावर नजर पडल्यामुळेच बापाची दृष्टी गेली म्हणून ज्याला घराबाहेर काढलेले असते, तोच शेवटी फूल मिळवतो. इज्जतुल्ला बंगाली यांनी १७२२ साली ही कथा फारसीत लिहिली. पुढे निहालचंद लाहोरी यांनी ती उर्दू गद्यात आणली आणि पंडित दयाशंकर नसीम यांनी १८३८ मध्ये तिची मसनवी केली. एका मुसलमानाने फारसीत लिहिलेली कथा दोन हिंदूंनी उर्दूत घरोघरी पोहोचवली, हे उर्दूला एकाच धर्माची भाषा समजणाऱ्यांनी जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही.

गोष्टीचा साचा मात्र जुनाच आहे आणि तो सगळीकडे सापडतो. लक्ष्मण मूर्च्छित पडतो, हनुमान अख्खा द्रोणागिरी उचलून आणतो. आजची मुले पडद्यावर जो अंगरखा उडवीत आकाशात झेपावणारा सुपरहिरो बघतात, तोही बऱ्याचदा हेच करीत असतो. जिवाचे माणूस मरणाच्या दारात आहे, त्याला वाचवणारी वस्तू जगात एकच आहे, ती फार दूर आहे आणि तिच्यावर पहारा आहे. नायक निघतो. पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते, म्हणून तर गोष्ट ऐकत झोप लागते.

या साच्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आपल्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी माणसाने कुठवर जावे? गोष्टीचे उत्तर सरळ आहे : वाटेल तिथवर. आम्हाला मात्र गुलबकावलीतला एक तपशील नेहमी अडवतो. फूल चोरीला गेल्यावर बकावली परी झोपेतून उठते, हौदापाशी जाते, फूल जागेवर नाही असे बघते आणि चोराच्या शोधात स्वतः बाहेर पडते. पुरुषाचा वेष घेऊन ती बादशहाच्या दरबारापर्यंत पोहोचते. दादी हा भाग भराभर उरकून पुढच्या प्रेमकथेकडे वळायची. पण त्या फुलाला मालकीण होती, आणि सकाळी उठून तिला ते सापडले नाही, एवढे कथाकाराने नोंदवून ठेवले आहे.

हा प्रश्न मंगळवेढ्यात गोष्टीबाहेर आला तो एप्रिल २०२१ मध्ये.

आमदार भारत भालके यांच्या निधनामुळे पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली होती. १४ एप्रिलला पहिला रोजा होता, बाबासाहेबांची जयंतीही त्याच दिवशी, आणि त्याच रात्री आठपासून राज्यात कडक निर्बंध लागू झाले. तीन दिवसांनी, १७ एप्रिलला, मतदान झाले. सभा झाल्या, फेऱ्या झाल्या, दारोदार माणसे फिरली आणि कोरोनाही त्यांच्याबरोबर फिरला. निकाल २ मे रोजी लागला, तोवर गल्लोगल्ली निकाल विसरायला लावणाऱ्या बातम्या येऊ लागल्या होत्या. इफ्तारच्या वेळी मशिदीच्या भोंग्यावरून अजानच्या जोडीने इंतकालचे ऐलान ऐकू यायचे. दुसऱ्या दिवशी मोजकी माणसे जनाजा घेऊन कब्रस्तानाकडे जायची.

त्या दिवसांतले गुलबकावलीचे फूल म्हणजे रेमडेसिविर. एका रुग्णाला पाच दिवसांत सहा बाटल्या लागत, पहिल्या दिवशी दोन आणि मग रोज एक. केंद्र सरकारने ११ एप्रिलला त्याची निर्यात बंद केली. मंगळवेढ्यात मतदान चालू होते त्याच १७ तारखेला कंपन्यांनी किंमत उतरवल्याचे जाहीर झाले : पाच हजार चारशेपर्यंत गेलेली छापील किंमत साडेतीन हजारांच्या आत आली. पण छापील किमतीला ते मिळत नव्हते, म्हणून किंमत उतरल्याचा आनंद कुणाला झाला नाही. बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. ती रिकाम्या बाटल्या जमवून त्यांत पॅरासिटामॉलचे पाणी भरून विकत होती. दास्तानमध्येसुद्धा इतका नीच खलनायक नाही.

एका घरातली हकीकत सांगतो. नाव, गल्ली, दवाखाना काही सांगत नाही. बाप आत होता. भेटायला परवानगी नव्हती. मधला मुलगा चार दिवस मोटारसायकलवर होता, पंढरपूर, सांगोला, सोलापूर, मिरज, एकदा सीमा ओलांडून विजापूर. रोजा चालू, आणि बाटलीभर पाणी डिकीत असूनही तोंडाला लावले नाही. प्रवासात रोजा न धरण्याची सवलत आहे हे कुणीतरी सांगितले, तर म्हणाला, आत्ता सवलत मागायची हिंमत होत नाही. चार बाटल्या मिळाल्या. कुठल्या भावाने, हे विचारू नये. त्यातल्या एकीवर पांढरी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर बॉलपेनने दुसऱ्याच कुणा रुग्णाचे नाव लिहिलेले होते. त्या काळात जिल्हा प्रशासन रुग्णांच्या यादीप्रमाणे दवाखान्यांना इंजेक्शने वाटत होते. यादीतल्या कुणाच्या तरी वाट्याची बाटली मधल्यामध्ये गळाली होती आणि दलालाच्या खिशातून या पोराच्या हातात आली होती.

त्याने पट्टी काढून टाकली आणि बाटली आत पाठवली. बाप सहाव्या दिवशी गेला.

हा मुलगा आज दुकान चालवतो, नमाजी आहे, कुणाचे पाच पैसे ठेवत नाही. बापाच्या मरणाबद्दल तो बोलतो, रडतोही. पट्टीवरच्या नावाबद्दल त्याने आम्हाला एकदाच सांगितले, आणि नाव काय होते ते सांगितले नाही. ‘तो माणूस जगला का, एवढंच कळायला पाहिजे होतं,’ एवढेच म्हणाला.

आता त्याला चोर म्हणायचे का? आम्ही म्हणणार नाही, आणि आमच्यासारख्या घरात बसून लिहिणाऱ्याने तर म्हणूच नये. दलालाला म्हणू, यादीतून बाटली गाळणाऱ्याला म्हणू. पण मुलाला दोषमुक्त केले म्हणजे प्रश्न सुटत नाही. प्रेमात एक आंधळेपण असते. ते एकच चेहरा बघते. बाप हा जगातला एक माणूस राहत नाही, तोच जग होतो. हे आंधळेपण नसते तर चार दिवस मोटारसायकलवर कुणी उपाशी हिंडले नसते. आणि हे आंधळेपण असल्यामुळेच पट्टी काढताना हात थांबला नाही.

या हकीकतीची एक कडू बाजू वैद्यकाची आहे. ज्या औषधासाठी ही धावाधाव चालली होती, त्याने मृत्यू टळतात असे त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत घेतलेल्या मोठ्या चाचणीचे पहिले निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच आले होते : दाखल रुग्णांच्या मृत्यूंवर परिणाम नगण्य. नोव्हेंबरमध्ये संघटनेने ते दाखल रुग्णांना देऊ नये अशी शिफारस केली. पुढे २०२२ मध्ये काही विशिष्ट रुग्णांसाठी ती शिफारस बदलली हे खरे, पण संजीवनी ते कधीच नव्हते. उलट जून २०२० मध्येच इंग्लंडमधल्या चाचणीतून दुसऱ्या एका औषधाचा निर्विवाद गुण दिसला होता. कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांमधले मृत्यू त्याने एक-तृतीयांशाने घटवले, ऑक्सिजन लागणाऱ्यांमधले एक-पंचमांशाने. त्याचे नाव डेक्सामेथासोन. अनेक वर्षांचे जुने, तालुक्याच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारे, काही रुपयांचे. (तेही जादूचे नव्हते. नको तेव्हा, नको तितके दिल्याने साखर वाढून काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले.) पण त्यासाठी कुणी विजापूरला गेले नाही, जावे लागतही नव्हते. ते आतल्या ट्रेमध्ये पडलेले होते.

मग लोक दुर्मीळ वस्तूमागेच का धावले? डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले म्हणून, हे पहिले उत्तर. ते खरे आहे आणि त्याचा जाब वेगळा मागता येईल. पण आमच्या मते आपल्या मनात गोष्टीचा साचा बसलेला आहे, हेही कारण आहे. जे सहज मिळते त्याने जीव वाचेल यावर विश्वास बसत नाही. जे दूर आहे, महाग आहे, ज्यासाठी रक्त आटवावे लागते, त्यातच गुण असणार असे वाटते. शिवाय आत जायला बंदी होती. पायाशी बसता येत नव्हते, पाण्याचा घोट देता येत नव्हता, कलमा ऐकवता येत नव्हता. बाहेर धावत राहणे एवढेच प्रेमाचे रूप उरले होते. म्हणून त्या धावण्याला हसू नये.

आपल्यातले काही बुजुर्ग त्या दिवसांत म्हणत, मौतका वक्त मुकर्रर है, इतना कायकू फिरना? हे ऐकायला दीनदारीचे वाटते, पण दीनाचा इतिहास तसे सांगत नाही. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता वाटेत त्यांना तिकडे प्लेग पसरल्याचे कळले. ते परत फिरले. सेनापती अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळता? उमर यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की आम्ही एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. तुझे उंट दरीत उतरले आणि दरीची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड असेल, तर हिरव्या बाजूला चारणे हीसुद्धा तकदीरच. उपाय शोधणे हा अल्लाहवरचा अविश्वास नाही. प्रत्येक आजारावर त्याने इलाज ठेवला आहे, असे सांगणारी हदीसही प्रसिद्ध आहे. तेव्हा शोध जायज आहे का, हा वाद आपल्यापुरता कधीच मिटलेला आहे. वाद आहे तो शोधाच्या वाटेत कोण येते याचा.

याच अबू उबैदांची पुढची हकीकत क्वचित सांगितली जाते. अम्वासचा प्लेग वाढला तेव्हा उमर यांना आपल्या या सोबत्याला वाचवायचे होते. ते खलिफा होते, त्यांना फुलाच्या शोधात जायची गरज नव्हती, एक पत्र पुरेसे होते. तबरीसारखे इतिहासकार सांगतात की, एक तातडीचे काम आहे, लगेच निघून ये, असे पत्र त्यांनी पाठवले. अबू उबैदांनी ते वाचले आणि काम कोणते ते ओळखले. त्यांनी कळवले की मी मुसलमानांच्या सैन्यात आहे, त्यांना सोडून माझा जीव वेगळा काढणे मला जमणार नाही. ते उत्तर वाचून उमर रडले. लोकांनी विचारले, गेले का? म्हणाले, नाही, पण गेल्यासारखेच. अबू उबैदा त्याच प्लेगमध्ये गेले.

गुलबकावली असो की सुपरहिरोचा सिनेमा, मरणाऱ्या माणसाला तिथे कुणी काही विचारत नाही. तो आडवा पडलेला असतो आणि सगळे त्याच्यासाठी चाललेले असते. अबू उबैदांच्या हकीकतीत मात्र ज्याला वाचवायचे त्यालाच तोंड आहे, आणि तो म्हणतो, माझ्या बाजूला झोपलेल्यांचे काय? पट्टी काढून पाठवलेली बाटली घ्यायची का, असे आत पडलेल्या त्या बापाला विचारता आले असते तर तो काय म्हणाला असता, कुणास ठाऊक. माणूस तसा देवभोळा होता. उधारी ठेवायचा नाही.

बाबराची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १५३० मध्ये हुमायून संभलला आजारी पडला. त्याला नावेने आग्र्याला आणले. हकीम थकले. मीर अबुल बका नावाचे बुजुर्ग म्हणाले, अशा वेळी आपली सर्वांत मौल्यवान वस्तू सदका करावी, मग अल्लाह शिफा देतो. सदक्याने बला टळते, हे आपल्या घराघरातले वाक्य आहे. आजही आजाऱ्याच्या उशाखाली पैसे ठेवून दुसऱ्या दिवशी ते फकिराला देतात. दरबाऱ्यांनी सुचवले, आग्रा जिंकल्यावर मिळालेला तो थोर हिरा द्यावा. पुढे कोहिनूर म्हणून ज्याच्या कहाण्या झाल्या तो हाच, असे पुष्कळांनी मानले आहे. म्हणजे जादूची वस्तू घरातच होती, शोधायलाही जायचे नव्हते. बाबराने ती नाकारली. दगडाची माझ्या मुलाच्या जिवाशी काय बरोबरी, असे म्हणून त्याने हुमायूनच्या बिछान्याला फेऱ्या घातल्या आणि त्याचे आजारपण आपल्याला मिळावे अशी दुआ केली. हुमायून उठला. बाबर २६ डिसेंबर १५३० रोजी गेला. त्याची मुलगी गुलबदन बेगम तेव्हा सात-आठ वर्षांची होती. म्हातारपणी अकबराच्या सांगण्यावरून तिने हे लिहून ठेवले.

इतिहासकार शंका काढतात. बाबर आधीपासून आजारी असे, १५२६ मध्ये इब्राहीम लोदीच्या आईने त्याच्यावर विषप्रयोगही करवला होता, आणि फेऱ्या व मृत्यू यांत काही महिने गेले. शंका रास्त आहेत. धर्मशास्त्राच्या बाजूनेही कुणी म्हणेल की एकाचे आयुष्य दुसऱ्याला देता येत नाही, ज्याची त्याची घटका ठरलेली. तेही मान्य. पण आम्हाला इथे चमत्काराचे काही देणेघेणे नाही. आम्ही फक्त एवढे बघतो की किंमत कुणाच्या खिशातून गेली. हिरा बाबराचा म्हणावा तर तो नव्हता, लुटीतून आलेला होता. त्याच्याआधी तो दुसऱ्यांचा होता, त्यांच्याआधी आणखी कुणाचा. ज्या वस्तूवर दुसऱ्याच्या नावाची पट्टी नाही अशी एकच गोष्ट बाबरापाशी होती, ती त्याने पुढे केली. इतर ठिकाणी बाबर काही संत नव्हता, मुंडक्यांचे मनोरे रचणारा तो सेनानी होता. पण त्या एका दुपारी त्याचा हिशेब चोख होता.

आणि ज्यांच्यापाशी काहीच नव्हते? पैगंबर (स.) यांचा मुलगा इब्राहीम दीड वर्षाच्या आतबाहेरचा असताना गेला. ते त्याला मांडीवर घेऊन रडले. कुणी आश्चर्य केले तर त्यांनी सांगितले की ही रहमत आहे. डोळे पाणावतात, काळीज दुखते, पण अल्लाहला नाराज करणारे काही तोंडून काढायचे नाही. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमसाठी सूर्य काळा पडला. दुसरा कुणी असता तर त्याने हे चालू दिले असते. पैगंबरांनी लोकांना गोळा करून सांगितले की सूर्य आणि चंद्र कुणाच्या मरणासाठी किंवा जन्मासाठी ग्रासत नाहीत. आपल्या लेकराच्या मरणाला आकाशातला साधा योगायोगही त्यांनी जोडू दिला नाही. इतर मुलेही त्या शहरात मरत होती आणि त्यांच्यासाठी सूर्य तसाच तळपत होता, हे त्यांना दिसत असणार.

कोरोनाच्याच काळात आणखी एक फूल बातम्यांत आले. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी मरत जाणारा एक जनुकीय आजार आहे. त्यावर एकदाच द्यायचे एक इंजेक्शन निघाले, किंमत सुमारे १६ कोटी रुपये. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी पै पै गोळा करून ती रक्कम उभी केली, सरकारने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला, इंजेक्शन आले. त्याच वर्षी राज्यातल्या दुसऱ्या एका मुलीला ते मिळाले आणि काही आठवड्यांतच ती गेली. अशा आवाहनांना आपण हात देतो आणि द्यावाच. फक्त मोबाइलवर फोटो कुणाचा फिरला, व्हिडिओ कुणाचा चांगला झाला, यावर कोण जगणार हे ठरू लागले, तर ती मदत न राहता सोडत होते. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या कोरडवाहू गावात असा आजार झालेले मूल असले तर त्याच्या आजाराचे नावही घरच्यांना कळायचे नाही, १६ कोटी दूरच.

इथे आम्हाला आमच्या गावाचेच दाखले आठवतात. दामाजीपंत हे बहामनी राज्याचे मंगळवेढ्याचे अधिकारी. पंधराव्या शतकातल्या त्या भीषण दुष्काळात कोठारे भरलेली होती आणि दाराशी माणसे मरत होती. त्यांनी कोठारे उघडली. धान्य त्यांचे नव्हते, बीदरच्या सुलतानाचे होते, म्हणून बोलावणे आले. पुढे विठोबाने विठू महाराच्या रूपाने भरणा केला ही श्रद्धेची बाजू, तिला आम्ही हात लावत नाही. आमच्या प्रश्नापुरते एवढेच, की दामाजीपंतांनीही दुसऱ्याचेच घेतले. मग त्यांच्यात आणि बाटली गाळणाऱ्यात फरक काय? फरक असा की त्यांनी घेतले ते एकासाठी नव्हते. त्यांनी आपल्या घरापुरती दोन पोती मागच्या दाराने नेली असती, तर सुलतानाला कळलेही नसते आणि आज त्यांचे नाव कुणी घेतले नसते. आणि वस्तूही काय, तर ज्वारी! परीच्या बागेतली नव्हे, याच काळ्या रानातली, जिच्या मालदांडीला आज देशभर मान आहे. जीव वाचवणारी वस्तू समोर होती. तिच्यावर कुलूप होते, इतकेच.

दुसरा दाखला चोखोबांचा. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा गेले. नामदेव त्यांचे अवशेष शोधायला आले. ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू येईल ती चोखोबांची, अशी खूण त्यांनी धरली आणि ती हाडे नेऊन पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. जिवलगासाठी केलेला हा शोधच होता, फक्त मरणानंतरचा. आम्ही लहानपणापासून ही कथा ऐकत आलो, पण खूण धरावी का लागली हा विचार उशिरा आला. भिंतीखाली आणखीही माणसे होती म्हणून. वेठीची, महारवाड्यातली, मातीत काम करणारी. त्यांची हाडे बोलली नाहीत, किंवा बोलली असतील तर ऐकायला कुणाचा नामदेव आला नाही. भक्तीला एकाचे नाव ऐकू आले. उरलेले आजही या गावाच्या मातीत आहेत.

यात नामदेवांना कमी लेखण्याचा हेतू नाही. प्रेम इतकेच करू शकते, एकाला ओळखू शकते. बाकीच्यांसाठी दुसरे काहीतरी लागते. ते काय, याचा एक दाखला मुंबईतला आहे. मालाडच्या मालवणीतले शाहनवाज शेख. २०२० मध्ये त्यांच्या मित्राच्या नात्यातली एक गरोदर बाई दवाखान्यात जागा न मिळाल्याने रिक्षातच गेली. वेळेवर ऑक्सिजन मिळाला असता तर वाचली असती, असे कळले. शेख यांनी आपली मोठी गाडी विकली आणि सुमारे १६० सिलिंडर घेतले. कोण, कुठला, न विचारता ते देत राहिले. ज्यांच्यासाठी धावायचे त्या तर आधीच गेल्या होत्या. तरी शोध थांबला नाही, फक्त त्यावर आता एकाचे नाव राहिले नाही. नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनीही २०२१ मध्ये पदरचे लाखो रुपये घालून सरकारी दवाखान्यांना ऑक्सिजनचे टँकर आणून दिले आणि पैसे परत घेतले नाहीत. रमजानची जकात समजा, म्हणाले.

आपल्या जुन्या दास्तानांतला खरा सुपरहिरो हातिमताई, तोही असाच. तो सात सवालांची उत्तरे शोधत रानोमाळ भटकतो ते स्वतःच्या प्रेमासाठी नव्हे, मुनीर शामी नावाच्या एका परक्या तरुणाच्या प्रेमासाठी. अस्वलाच्या मुलीने दिलेला मोहरा, जो जवळ असला की आग आणि विष बाधत नाही, तो त्याच्यापाशी असतो. पण कोवळ्या पिलाच्या हरिणीला लांडग्यापासून सोडवताना तो मोहरा नव्हे, मांडीचे मांस कापून देतो. बाबराचाच हिशेब, फक्त मुलासाठी नव्हे तर अनोळखी हरिणीसाठी.

वाचवणारी वस्तू किती साधी असू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि थोडा सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. तीसच्या घरात गेलेले मृत्यूंचे शेकडा प्रमाण चारच्याही खाली आले. आईच्या हातात पेला, समोर मूल. कुणाला कुठे जावे लागले नाही आणि एकाने घेतले म्हणून दुसऱ्याचे कमी झाले नाही. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, आणि पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ साली, मिळाला. फुलाची गोष्ट सांगणारे शेकडो आहेत, या पिंपाची दास्तान अजून कुणी लिहिलेली नाही.

चिकटपट्टीवरच्या नावाकडे पुन्हा यायचे तर, त्या मुलाला दोष देऊन किंवा माफ करून आपली सुटका नाही. तो रस्त्यावर उतरला तेव्हाच गोष्ट बिघडलेली होती. तालुक्याला पुरेसा ऑक्सिजन, चार जादा खाटा, योग्य वेळी योग्य ते स्वस्त औषध देणारा आणि नको तिथे नाही म्हणणारा डॉक्टर, एवढे असते तर बापाच्या उशाशी बसायचे सोडून त्याला शहजादा व्हावे लागले नसते. ज्या गावात दर घराला आपला ताजुल मुलूक घोड्यावर बसवावा लागतो, त्या गावात परीची बाग रोज लुटली जाणार.

२०२१ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणच्या जमातींनी, तरुण मंडळांनी वर्गणी काढून ऑक्सिजनचे सिलिंडर घेतले होते. मशिदीच्या वऱ्हांड्यात, मदरशाच्या खोलीत ते ओळीने उभे असायचे, आणि वहीत कुणाचे नाव आहे ते न बघता दिले जायचे. त्यांतले आज कितींत गॅस आहे? किल्ली कुणाकडे आहे? नव्या सिलिंडरची दाबाची चाचणी पाच वर्षांनी करावी लागते, म्हणजे त्या साली बनलेल्यांची मुदत २०२६ ची. चाचणीचा खर्च फार नाही. येत्या ईदच्या वर्गणीत तो बसण्यासारखा आहे.